क्षमा किती वेळा मागावी?

हळदीकुंकवास आलेल्या सुवासिनींपुढे बशी ठेवताना गृहिणी काय म्हणते, हे वाचकांस सांगणे नलगे. "आज काही धड जमलंच नाही हो, साखर कमी पडली असेल, सांभाळून घ्या." साखर कमी पडलेली नसते, हे तिला ठाऊक असते आणि खाणारीलाही. हा शिष्टाचार होय. त्यात कोणाचे काही जात नाही आणि त्याविरुद्ध लेखणी उचलण्याची आमची इच्छाही नाही.

परंतु हेच शब्द जिच्या तोंडी केवळ शिष्टाचार म्हणून येत नाहीत, अशीही एखादी स्त्री आपल्या ओळखीत असते. ती आरतीला पाच मिनिटे उशिरा येते आणि महाद्वारापासून सभामंडपापर्यंत भेटेल त्याला "चुकलं माझं" म्हणत येते. गर्दीत दुसऱ्याचा पाय तिच्या पायावर पडतो, तरी "माझंच मेलीचं लक्ष नव्हतं" हे तीच म्हणते. फुलवातींचा डबा घरी विसरला म्हणून ती तीनदा क्षमा मागते, शेजारणीने आपल्या वाती देऊ केल्या म्हणून चौथ्यांदा मागते, आणि रात्री फोन करून पाचव्यांदा. लोक म्हणतात, किती गरीब स्वभावाची बाई! नम्रता हा आपल्याकडे गुण मानलेला आहे आणि तो गुण आहेच. म्हणूनच ही खरोखर नम्रता आहे काय, असे सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तेच विचारावयाचे आहे. लेखारंभी आपल्या अल्पमतीबद्दल वाचकांची क्षमा मागण्याचा जुना प्रघात आहे. विषयच असा आहे की या खेपेस तो मोडलेला बरा.

पूजाविधीपासून आरंभ करू, कारण तो आमच्या घरच्या नित्य पाहण्यातला आहे. षोडशोपचार पूजेत प्रत्येक उपचाराला चूक होण्यास जागा असते. पाणी सांडते, मंत्र अडखळतो, गंधानंतर अक्षता वाहावयाच्या राहून जातात. तरी क्षमापन येते ते शेवटी आणि एकदाच. जे उणे राहिले आणि जे अधिक झाले, त्या दोहोंची मिळून ती क्षमा असते. परिभाषेत त्यांस न्यून आणि अतिरिक्त म्हणतात. पूजा करणारा जर प्रत्येक पळीगणिक हात जोडून क्षमा मागू लागला, तर पूजा पुरी होणार नाही हे तर खरेच. पण त्याहून वाईट असे की, देवाकडे पाहावयाचे सोडून तो सर्व वेळ आपल्याच हाताकडे पाहत राहील. न्यूनाप्रमाणे अतिरिक्तही दोषच, हे विधीने केव्हाच मान्य केले आहे.

व्यवहारातही हीच दृष्टी आहे. जुन्या पेढीवरील हिशेबाच्या कागदाच्या तळाशी "चूकभूल द्यावी घ्यावी" असे लिहिलेले असे. हे एकदाच, बेरीज झाल्यावर; प्रत्येक रकमेसमोर नव्हे. शिवाय त्यात देणे आहे तसे घेणेही आहे. आमच्या वर वर्णिलेल्या भगिनीच्या वहीत मात्र घेण्याचा रकानाच नाही.

आता अशा स्त्रियांपैकी काहींच्या बाबतीत, सर्वांच्या खचित नव्हे, या अतिरिक्त क्षमायाचनेचे मूळ कोठे असते याचा उलगडा गेल्या काही दशकांत झाला आहे. तो आपल्या घरांपर्यंत फारसा पोचलेला नाही, म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो.

इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एडीएचडी' या नावाने ओळखली जाणारी एक अवस्था आहे. मराठीत तिला अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता असे म्हणता येईल. नाव काहीसे फसवे आहे. या मनुष्यांपाशी अवधान मुळीच नसते असे नाही. ते हवे तेव्हा हवे तेथे वळत नाही, ही अडचण. अशी स्त्री रांगोळी काढावयास बसली तर चार तास तहानभूक विसरते, पण चुलीवरचे दूध तिच्या लक्षात राहत नाही. कामास आरंभ करणे, त्याचा क्रम लावणे, किती वेळ गेला याचा अंदाज ठेवणे, दोन-चार बारीक गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवणे, हे जे मनाचे कारभारीपण आहे ते तिच्या ठायी कच्चे असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी फार वर्षे असे प्रतिपादन केले आहे की, येथे उणीव ज्ञानाची नसून जाणलेले वेळेवर आचरणात आणण्याची आहे. काय करावयाचे हे तिला ठाऊक असते. म्हणूनच तर ते न झाल्याचे दुःख तिला अधिक होते.

या विषयाच्या इतिहासात एक गोष्ट नीतिविचाराच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालवैद्यांनी अशा प्रकारच्या मुलांविषयी व्याख्याने दिली. त्यांनी या अवस्थेस जे नाव दिले त्याचा अर्थ 'नैतिक संयमाची उणीव' असा होतो. म्हणजे खुद्द वैद्यकानेही आरंभी ही गोष्ट नीतीच्याच खात्यात घातली होती. पुढे १९६८ च्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात ती 'बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया' झाली, आणि १९८० च्या आवृत्तीत भर चंचलतेवरून अवधानाकडे गेला. तेव्हा कोठे, न धावणारी, न ओरडणारी, खिडकीबाहेर पाहत शांत बसलेली मुलगी या वर्णनात बसू लागली. २०१३ च्या आवृत्तीने प्रौढांकरिता लक्षणांची अट थोडी सैल केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणातही ही अवस्था याच नावाने आहे.

मुलगे लौकर ध्यानात येतात, कारण ते वर्ग मोडतात. मुलगी वर्ग मोडीत नाही, ती स्वतःला मोडून घेते. प्रगतिपुस्तकावर शेरा असतो, "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." घरी विशेषणांची कमतरता नसते: धांदरट, वेंधळी, विसरभोळी, गबाळी. भावाने डबा विसरला तर "मुलगाच तो" म्हणून हसण्यावारी जाते, तिने विसरला तर "उद्या सासरी काय करशील?" हा प्रश्न येतो. कित्येक स्त्रियांना आपल्या या अवस्थेचे नाव प्रथम कळते ते पस्तिशी-चाळिशीत, आणि तेही आपल्या मुलाला वैद्याकडे नेले असता. कारण ही अवस्था घराण्यात चालते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून तिच्यातील आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के मानला जातो. तोवर पुष्कळजणींवर उदासीनतेचे अथवा चिंतेचे उपचार होऊन गेलेले असतात.

सासरचा प्रश्न तर आपल्याकडे विशेषच कठीण आहे. संसार चालविणे म्हणजे पुष्कळ अंशी स्मरण आणि वेळ सांभाळणे. दूध केव्हा येते, गॅसचे सिलिंडर केव्हा मागवावयाचे, कोणाचा डबा किती वाजता, मामंजींची गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, कोणाच्या घरी कधी बारसे, कोणाची तिथी कोणती. हे सारे गृहिणीच्या डोक्यात राहावे अशी अपेक्षा असते. पुरुषास विसरण्याची मोकळीक आहे, कारण त्याच्या वतीने आठवणारे दुसरे कोणी घरात आहे. जिचे स्मरणच दगा देते तिच्या वाट्याला नेमका स्मरणाचाच धंदा येतो. मग बोलणी खाण्याआधी स्वतःच स्वतःला बोलून घेण्याची सवय लागते. तिची क्षमायाचना म्हणजे दंडाचा आगाऊ भरणा. समोरच्याने "असू दे हो" म्हटले की घटकाभर सुटल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच ती सवय अधिक घट्ट होते.

येथे कोणी म्हणेल, बायका पुरुषांपेक्षा अधिक क्षमा मागतातच, त्यात नवल ते काय? कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात करिना शूमन व मायकेल रॉस यांनी या गोष्टीचा अभ्यास करून २०१० साली तो प्रसिद्ध केला. स्त्री-पुरुषांकडून त्यांनी रोजची टिपणे लिहून घेतली: आज माझ्याकडून कोणता अपराध घडला, आणि क्षमा मागितली की नाही. आपण चुकलो असे ज्या प्रसंगी वाटले त्यांतील जितक्या वाट्याबद्दल पुरुषांनी क्षमा मागितली, तितक्याच वाट्याबद्दल स्त्रियांनी. अंतर पडले ते निराळ्याच ठिकाणी: 'हा अपराध झाला' असे स्त्रियांस अधिक प्रसंगी वाटले. म्हणजे पुरुषांस क्षमा मागणे जड जाते असे दिसले नाही; त्यांच्या लेखी अपराधाचा उंबरठाच उंच होता. सामान्य स्त्रीचा हा उंबरठा जर मुळातच ठेंगणा, तर लहानपणापासून रोज काही ना काही विसरल्याबद्दल बोलणी खाल्लेल्या स्त्रीच्या दाराला तो उरतच नसावा, असे आमचे अनुमान आहे.

हा झाला कारणांचा विचार. नीतीचा प्रश्न पुढेच आहे. अशा क्षमायाचनेने बिघडते काय? ती बिचारी कोणास दुखवीत तर नाही.

आमच्या मते पुष्कळ बिघडते, आणि ते केवळ तिचेच नव्हे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आरन लझार यांनी २००४ साली क्षमायाचनेवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी तिचे घटक सांगितले आहेत: चूक नेमकी कबूल करणे, ती का घडली हे सांगणे, खेद आणि भरपाई. हे चारही पाहिले तर क्षमायाचनेचे तोंड दुखावलेल्या मनुष्याकडे असते. अतिरिक्त क्षमायाचनेचे तोंड फिरलेले असते. समजा, सुनेने सासूबाईंच्या डोळ्यांत शस्त्रक्रियेनंतरचे थेंब घालावयाचे विसरले. ही खरी चूक आहे. ती जर रडू लागली, "मी आहेच अशी, माझ्या हातून काही धड होतच नाही" असे म्हणू लागली, तर डोळ्याला पदर लावून बसलेल्या सासूबाईंनाच तिचे डोळे पुसावे लागतात. थेंब राहिले बाजूला. आणि उद्या ते वेळेवर कसे घातले जातील याचा विचार कोणीच केला नाही.

दुसरे असे की, जी स्त्री वाटेत उभी राहिल्याबद्दल, पाणी मागितल्याबद्दल, आजारी पडल्याबद्दल क्षमा मागते, तिने थेंबांबद्दल मागितलेल्या क्षमेला वजन राहत नाही. शब्द तेच, स्वर तोच. खरी चूक आणि नसलेली चूक एका भावाने विकली जाते. घरचे लोक ऐकेनासे होतात; ते ऐकेनासे झाले म्हणून ती अधिक मोठ्याने मागते.

आपल्या धर्मशास्त्राने या बाबतीत किती बारकाईने विचार केला होता हे पाहण्यासारखे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचा. त्यावर मिताक्षरा टीका लिहिणारे विज्ञानेश्वर हे चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळी कल्याणीस, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणास होते. आपल्या सीमाभागापासून ते स्थान काही फार दूर नाही. या शास्त्रात दोष पाहून प्रायश्चित्त ठरते. सर्व दोषांना एकच माप नाही. जाणूनबुजून केलेल्यास कडक आणि नकळत घडलेल्यास सौम्य असा भेद आहे. मुख्य म्हणजे प्रायश्चित्ताला शेवट आहे. ते झाले की दोष गेला. तो मनुष्य पुन्हा पंक्तीस बसतो. जन्मभर रोज प्रायश्चित्त घेत राहा असे सामान्य मनुष्यास शास्त्राने सांगितलेले नाही. आणखी एक प्रसिद्ध नियम आहे: ८० वर्षांवरील वृद्ध, १६ वर्षांखालील बालक, रोगी आणि स्त्रिया यांस प्रायश्चित्त निम्मे. शास्त्राने जिला निम्मे सांगितले तिच्याकडून आपण घरोघर दुप्पट वसूल करीत आहोत, हे जुन्या चालीरीतींचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

एका आक्षेपाचे उत्तर मात्र दिलेच पाहिजे. वडीलधारी मंडळी म्हणतील, "म्हणजे आता डॉक्टरांचा कागद आणला की विसरायला मोकळे!" हा आक्षेप खोटा नाही. कारण आणि सबब यांत अंतर आहे, आणि ते मनुष्य पुढे काय करतो यावरून कळते. "माझ्या मनाची ठेवण अशी आहे, म्हणून थेंब राहिले" एवढ्यावर जो थांबला त्याने सबब सांगितली. "ठेवण अशी आहे, म्हणून उद्यापासून घड्याळाचा गजर लावते आणि थेंबांची बाटली तुमच्या चहाच्या कपाशी ठेवते" असे जी म्हणाली तिने कारण सांगितले. नकळत घडलेल्या दोषासही शास्त्राने प्रायश्चित्त सांगितले आहे. सौम्य खरे, पण आहे. तेव्हा या स्त्रियांनी क्षमा मागूच नये असा सल्ला आम्ही देणार नाही. तिच्या हातून खरोखर विसर पडतो, खरोखर उशीर होतो. "तुझं काही चुकत नाही गं" अशी समजूत घालणाऱ्या मैत्रिणीवर तिचा विश्वास बसत नाही तो याचसाठी.

मानसोपचाराचा उपयोग होतो तो येथे. मानसोपचार म्हणजे वेड्यांचा इलाज, ही समजूत आता मागे पडत चालली आहे; तरी अशा बैठकीत प्रत्यक्ष काय चालते याची कल्पना थोड्यांनाच असते.

प्रथम नाव कळते. हे लहान काम नव्हे. जे तीस वर्षे 'मी वाईट आहे' या नावाने मनात राहिले ते 'माझे अवधान असे चालते' या नावाने राहू लागते. पुष्कळजणींस त्याने हलके वाटते, आणि मागोमाग गेलेल्या वर्षांबद्दल शोकही होतो. चांगला उपचारक त्या शोकास वेळ देतो.

नंतर वही येते. आरन बेक यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फिया येथे विकसित केलेल्या बोधात्मक उपचारपद्धतीत आपले विचार लिहून काढून तपासावयाचे असतात. त्याच धर्तीवर ही स्त्री आठवडाभर प्रत्येक क्षमायाचना टिपून ठेवते: काय घडले, कोणाचे काय बिघडले, आपण काय बोललो, काय होईल अशी भीती वाटली. मग उपचारकासमोर बसून निवडणी होते, तांदूळ निवडावे तशी. कोणाचेच काही बिघडले नाही असे प्रसंग एकीकडे. बिघडले, पण दुसऱ्यामुळे, असे दुसरीकडे. उरतात ते खरे. "मी 'चुकलं' म्हटलं नाही तर जाऊबाई बोलणं टाकतील" अशी भीती असेल, तर एखाद्या किरकोळ प्रसंगी न म्हणता काय होते ते पाहून यावयाचे असते. बहुधा जाऊबाईंच्या ते लक्षातही येत नाही.

या अवस्थेत आवेगाचाही भाग असतो. विचाराआधी शब्द निसटतो. 'सॉरी' हा शब्दही असाच निसटतो. म्हणून बोलण्यापूर्वी एक श्वास घेण्याचा अगदी शारीरिक अभ्यास करून घेतात. मार्शा लिनेहन यांनी भावनांच्या तीव्र आवेगाने त्रासलेल्यांसाठी बसविलेल्या उपचारपद्धतीची पुस्तके १९९३ साली प्रसिद्ध झाली. त्यांत इतरांशी वागताना स्वाभिमान कसा राखावा याचे जे पाठ आहेत, त्यांत उगाच क्षमा न मागणे हा एक स्वतंत्र पाठच आहे. बैठकीला उशिरा पोचून स्त्री दारातच क्षमा मागू लागते, तेव्हा उपचारक त्यावरच त्या दिवसाचे काम सुरू करतो. घरी जे घडते ते तेथे समोरच घडलेले असते.

खऱ्या चुकांचे काम निराळे. तेथे क्षमा एकदा, नेमक्या शब्दांत, भरपाईसह. आणि नंतर व्यवस्था. किल्ल्यांना एक खिळा, सर्व तारखांना एकच वही, मोठ्या कामाचे तुकडे, निघावयाच्या वेळेचा गजर वेगळा आणि आवरावयास लागण्याचा वेगळा. बोस्टन येथे स्टीव्हन सॅफ्रेन यांनी अशी पद्धत औषध चालू असूनही त्रास उरलेल्या प्रौढांवर वापरली. नुसती विश्रांतीची तंत्रे व माहिती मिळालेल्यांपेक्षा या प्रौढांत अधिक सुधारणा आढळल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. उपचाराने स्मरणशक्ती वाढत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कित्येकांस औषधही लागते आणि ते मनोविकारतज्ज्ञाने तपासूनच द्यावयाचे असते.

पाश्चात्त्य उपचारक एक युक्ती सांगतात: 'उशीर झाला, क्षमा करा' याऐवजी 'थांबलात, आभारी आहे' असे म्हणा. युक्ती चांगली, पण आपल्या घरात ती जशीच्या तशी चालावयाची नाही. सासूला, नवऱ्याला, मोठ्या जावेला कोण आभार मानतो? मानले तर थट्टा केली असेच वाटावयाचे. आपल्याकडे त्या जागी निराळे शब्द आहेत. "थांबलात, बरं झालं." "तुम्ही वाती आणल्यात म्हणून भागलं." "आत्याबाई, तुमच्यामुळे आठवलं." यांत दुसऱ्याचा मान राहतो आणि स्वतःची निंदा होत नाही. मराठीतून उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनी असे शब्द आपल्या घरांतूनच वेचावेत, असे आम्हांस वाटते.

एक इशारा येथे दिला पाहिजे. उठल्याबसल्या क्षमा मागणारी प्रत्येक स्त्री अवधान-न्यूनतेची नसते. कोणास चिंतारोग असतो. कोणी पुनःपुन्हा खात्री करून घेतल्याशिवाय चैन न पडण्याच्या विकाराने त्रासलेली असते. आणि काही घरांत ती मार चुकविण्यासाठी क्षमा मागत असते. त्या घरात तिच्या मनावर उपचार करावयास निघणे हा अन्याय होईल. तेथे तिला प्रथम संरक्षण पाहिजे.

घरच्यांनी काय करावे? वारंवार "सॉरी म्हणू नकोस" असे म्हटले की ती त्याबद्दलही सॉरी म्हणते, हा अनुभव पुष्कळांचा असेल. त्यापेक्षा प्रत्येक वेळी "असू दे" म्हणण्याचा कर न भरता पुढचे काम बोलावे: "थेंब आता घालू या." घरातील तारखा आणि औषधे एका फळ्यावर लिहून तो फळा सर्वांचा करावा, केवळ तिचा नव्हे. विसरल्याच्या जुन्या गोष्टी पाहुण्यांसमोर गमतीने सांगण्याची जी रीत आहे, ती बंद करावी. त्या गमतीला ती स्वतः सर्वांत मोठ्याने हसते, हे खरे. पण त्यावरून तिला ती गोड वाटते असे समजू नये. आमच्या समितीनेही कामे तोंडी न सांगता नाव, वार आणि वेळ लिहून द्यावी, म्हणजे निम्म्या क्षमायाचना उगवणारच नाहीत.

विचारावयास कोठे जावे, असे कोणी विचारील. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो निःशुल्क असून मराठीतही बोलता येते. बेळगाव भागातील मंडळींस धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था जवळ पडते. गोव्यात बांबोळीस तसेच सरकारी रुग्णालय आहे. पहिल्या भेटीस जाताना ट्रंकेतील शाळेची जुनी प्रगतिपुस्तके काढून न्यावीत, कारण ही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी होती काय हे तज्ज्ञ विचारतातच. बालपण पाहिलेले कोणी वडीलधारे माणूस, शक्य तर आई, सोबत असावी. आणि ती माउली खुर्चीवर बसताक्षणीच "माझंच लक्ष कमी पडलं हो डॉक्टर" असे म्हणू लागली, तर डॉक्टरांनी लगेच एक कोरा कागद तिच्याही नावाने घ्यावा.